डोंगराला कुठला ट्रॅक्टर लागतो

अंबाजोगाई,
रविवार, दुपार

प्रिय सत्या,

तू आणलेली सफरचंदं मी वॉर्डात वाटून टाकली. समोरच्या खाटेवरच्या परळीकडच्या म्हातारीनं विचारलं, "कुनी आणली गं? लई गोड हायती." मी म्हणाले, मैत्रिणीनं. एवढंच म्हणाले. तू आलीस तेव्हा अर्जुनराव सोबत होते, त्यांचे चार-पाच कार्यकर्ते होते, त्यातला एक फोन उंच धरून खाटेच्या पायथ्याशी उभा होता. डोक्यावर पदर घेतलेली तू, हात जोडलेले तुझे यजमान आणि मधे आडवी पडलेली मी, असा तो फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्या गावानं बघितला. आपल्याला दोघींना काही बोलता आलं नाही. जाताना मात्र तू वाकलीस आणि माझ्या कानात एक वाक्य बोललीस. त्या वाक्यावर मी येणारच आहे, पण आधी बाकीचं सगळं सांगू दे. ते तुला माहीत आहे, तरी सांगणार आहे, कारण माहीत असलेल्या गोष्टी माहीत नसल्यासारखं वागायची तुला हल्ली सवय लागली आहे.

पायाचं तू विचारलं नाहीस, म्हणून सांगते. मांडीचं हाड मोडलं होतं, त्यात सळई घातली. गुडघा वाकेल का, ते इतक्यात सांगता येत नाही म्हणतात. इथं एक शिकाऊ डॉक्टरीण आहे, कोवळी पोरगी, पण हाताला धीर आहे तिच्या. मी तिला विचारलं, डोंगर चढता येईल का परत? ती म्हणाली, मावशी, आधी खाटेवरून उतरू. म्हाळू बाहेर व्हरांड्यात बसून असतो. नवरा म्हणून तो कधी फार बोलला नाही, हे तू लग्नापासून बघतेस. आता दिवसातून एकदाच आत येतो आणि विचारतो, "शेरडं कुणाकडं ठिवू?" मी म्हणते, मोठ्या जावेकडं ठेव. तो म्हणतो, "बरं." आणि परत जाऊन बसतो. तो रडत नाही, रागवत नाही. त्याच्या वाटचा रागही मलाच करावा लागतो आहे, तेव्हा या पत्रात दोघांचा आहे असं समज.

ट्रॅक्टर घ्यायची कल्पना तुझी होती. हे मी मुद्दाम आधी लिहिते, कारण तू मुळात अशी नव्हतीस. गायरानाचं गवत कापायचा हक्क आपल्या बायकांच्या गटाला मिळाला, त्या पहिल्या साली काय झालं होतं? दसरा झाला, टोळ्या उचलल्या, निम्मं गाव ऊसतोडीला कारखान्यावर गेलं. आणि डोंगरावर पवन्याचं गवत कमरेएवढं उभं, ऐन कापायच्या रंगात. हातात विळे असलेल्या आपण किती? मी, बबिता, तुळजाबाई आणि आणखी चार-पाच जणी, ज्यांना कारखान्यावर जाता येत नव्हतं अशा. निम्मं गवत उभ्याउभ्या वाळून काडी झालं. मग कुणाच्या तरी विडीनं पेट घेतला आणि सगळा वरचा उतार काळा झाला. उन्हाळ्यात माझ्या देवण्या गाईंच्या बरगड्या मोजता यायच्या. तू तेव्हा आमच्या वाडीवर आलीस, माझ्या दारात बसलीस आणि म्हणालीस, "अंजे, माणसं मिळत नसतील तर यंत्र आणू. पुढं लोडर, मागं गवत कापायचं कटर. दगड उचलायला तेच, शेण भरायला तेच, गवत कापायला तेच." अर्जुनरावांची बायको म्हणून तुला गटाची अध्यक्ष केलेली, पण त्या दिवशी मला वाटलं की आपल्याला खरोखरची अध्यक्ष मिळाली.

त्यानंतर तू आणि मी किती वेळ त्या एका गोष्टीत घातला. तुझ्या फोनवर आपण डोंगरातल्या शेतकऱ्यांचे व्हिडिओ बघायचो. सपाट रानातले नाही, उतारावरचेच बघायचे, हे तूच ठरवलंस. कुणी बोलत असे ती भाषा कळायची नाही, पण चाकं कुठं जातात ते कळायचं. आपण दोघी शाळेत एका बाकावर बसून एवढा अभ्यास केला नव्हता. ताकद किती ते उतारावर दुय्यम, आधी ट्रॅक्टर बुटका हवा आणि चाकं रुंद पसरलेली हवीत, हे आपल्याला हळूहळू उमगलं. पुढच्या लोडरची बकेट भरली की वजन पुढं जातं, मागची चाकं हलकी होतात. ब्रेक असतो तो मागच्याच चाकांना, म्हणजे उतारावर नेमका ब्रेकच हलका होतो. म्हणून फोर व्हील हवा, म्हणजे पुढची चाकंही धरून ठेवतात. शिवाय मागं वजन टांगलेलं हवं आणि डोक्यावर लोखंडी कमान हवी, म्हणजे उलटला तरी आतला माणूस वाचतो. हे तू बोटांवर म्हणून दाखवायचीस आणि मी चुकले की हसायचीस.

मग दोन ट्रॅक्टर बघायला मागवले. पहिला अंबाजोगाईच्या माणसाचा, छोटा, फोर व्हीलचा. त्या दिवसाचं मी आयुष्यात विसरणार नाही. तू साडी खोचलीस, वर चढलीस, त्या माणसानं सांगितलेलं एकदा ऐकलंस आणि निघालीस. चढावर, उतारावर, आडव्या पट्ट्यानं, बकेटमधे दगड घेऊन, मागं कटर चालू ठेवून. गवत पडत होतं आणि त्याचा वास खालपर्यंत येत होता. तुळजाबाई म्हणाली, "ही तर चुलीवर भाकर टाकल्यावानी चालवती." खाली उतरलीस तेव्हा तुझ्या केसांत कुसळं होती आणि तू माझ्या हाताला धरून नुसती हसत होतीस. मला वाटलं, हिचं लग्न झाल्यापासून ही अशी हसलीच नाही.

दुसरा ट्रॅक्टर अर्जुनरावांच्या साडूचा, गेवराईला हायवेवर शोरूम असलेल्या विजयसिंहांचा. उंच, दणकट, बिगर फोर व्हीलचा. लोडर गॅरेजात जोडून घेतलेला, कमान नाहीच. मी विचारलं तर विजयसिंह म्हणाले, "कमान कशाला पाहिजे ताई, तुमी काय शर्यतीत पळवनार हाय का?" तोही तूच चालवलास. बकेट भरून उताराला लागलीस आणि मागची चाकं वाळल्या गवतावरून सरकली. फिरत नव्हती, सत्या, सरकत होती. तू बकेट खाली टाकलीस, ती जमिनीत रुतली म्हणून ट्रॅक्टर थांबला. तू खाली उतरलीस तेव्हा तुझे ओठ पांढरे पडले होते. तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "हा डोंगरावर माणूस मारील." तुझेच शब्द आहेत. मी त्यात एक अक्षर घातलेलं नाही.

आणि मग ती बैठक. समाजमंदिरात आपण सगळ्या सतरंजीवर, अर्जुनराव खुर्चीवर. बायकांच्या गटाच्या बैठकीत त्यांचं काय काम, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. त्यांनी सांगून टाकलं की विजयसिंहांचाच ट्रॅक्टर घ्यायचा. गवत काय दोन महिने, बाकी वर्षभर त्यानं उसाची ट्रॉली ओढता येईल, मुरूम वाहता येईल. कुणाचा ऊस, कुणाचा मुरूम, ते सगळ्यांना माहीत होतं. मी तुझ्याकडं बघितलं. तू हातातल्या बांगड्या फिरवत होतीस. मग मीच उठले. म्हणाले, हा उतारावर धरत नाही, आम्ही बघितलंय, मागून सरकतो. अर्जुनराव रागावले नाहीत. ते कधी रागावत नाहीत. म्हणाले, "अंजनाबाई, शेरडं वळनं येगळं आन् ट्रॅक्टर घेनं येगळं." सगळ्या हसल्या. ज्यांना हसायचं नव्हतं त्याही हसल्या, कारण त्यांना अर्जुनरावांच्या विहिरीवरून पाणी आणायचं असतं. त्यांचं मी मनाला लावून घेतलं नाही. पण सत्या, तूसुद्धा हसलीस. मोठ्यानं नाही. खाली मान घालून, ओठांच्या कोपऱ्यातून, पाहुण्यांसमोर नवऱ्याच्या विनोदाला बायको हसते तसं. ट्रॅक्टर माझ्या अंगावर पडला ते मला आता नीट आठवतही नाही. ते हसू मात्र लख्ख आठवतं.

तरी मी तुझ्या घरी आले. मागच्या दारानं, कारण पुढच्या दारानं आले की मला तुला "वहिनी" म्हणावं लागतं. तुला वाटत होतं मी भांडायला आले. मी फक्त विचारायला आले होते, का म्हणून गप बसलीस? मला वाटलं होतं तू म्हणशील, भ्याले. तू तसं म्हणाली असतीस ना, तर मी तिथंच तुला जवळ घेतलं असतं. बायकांची भीती मला कळते. पण तू चहा गाळता गाळता म्हणालीस की पंचायत समितीची जागा बायकांसाठी सुटली आहे, तिकीट तुलाच मिळणार आहे, आता यांच्याशी वाकडं घेण्याची ही वेळ नाही. "जरा सबूर कर अंजे. एकदा निवडून येऊ दे, मग एक सोडून तीन ट्रॅक्टर आणते गटाला." तू भ्याली नव्हतीस. तू हिशेब केला होतास आणि त्या हिशेबात डोंगरउतार एका पारड्यात होता आणि तुझी खुर्ची दुसऱ्या. मी चहा प्याले, कप विसळून ठेवला आणि परत आले. त्या दिवशी मी रागावले नव्हते, म्हणून आज जास्त रागावते आहे.

पुढं चालवायचा कुणी हा प्रश्न आला. उमेदवारबाईनं ट्रॅक्टरवर बसायचं ते हार घातलेल्या फोटोपुरतं. राहिले मी. मी शिकले, आणि बरं शिकले. हे मी माझ्या तोंडानं सांगते, कारण गावात आता दुसरंच सांगितलं जातंय. मी कधी उताराला आडवी गेले नाही. बकेट गुडघ्याच्या वर उचलून कधी चालले नाही. आणि मागं वजन म्हणून म्हाळूनं लाकडी पेटी करून दिली होती, कटर जोडलेला नसेल तेव्हा दगड भरून ती मागच्या दांड्यांना बांधलेली असायची. त्या पेटीच्या जोरावर आधी दगड हलवले, मग कटर लावून पहिलं सगळं गवत काढलं. खालचा उतार साफ झाला, मधला झाला. बबिताच्या दारात गंजी उभी राहिली तेव्हा ती गंजीभोवती चक्कर मारून आली, जसं काही घर बांधलंय. आपला गट पहिल्यांदा गवत विकायला निघाला होता. हे त्या वाईट ट्रॅक्टरवर करून दाखवलं आम्ही. तू कौतुकाचा फोन केलास. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग तो मंगळवार. अर्जुनरावांचा माणूस भागवत ट्रॅक्टर घेऊन आला. मधले काही दिवस तो ट्रॉलीला जुंपलेला होता. मागं बघते तर पेटी नाही. मी विचारलं तर भागवत म्हणाला, "ट्रॉली जोडाया आडवी येत हुती, काडून टाकली. सायेब म्हणले आजच्या आज वरचे दगडं हालवून घ्या, उद्या ट्रॅक्टर परत लागतोय." पेटी कुठं आहे हे त्याला माहीत नव्हतं. बाया विळे घेऊन येऊन बसल्या होत्या, वरचा उतार तेवढाच राहिला होता आणि दगड हलल्याशिवाय तिथं कटर चालणार नव्हता. मी किल्लीला हात लावला नाही. मी तुला फोन केला. म्हणाले, सत्या, मागचं वजन काढून टाकलंय, असा मी वर नेणार नाही, पेटी शोधून पाठव, नाहीतर उद्या करू. तुझ्या पाठीमागं माणसांचा गलका होता, कुठंतरी सभा असावी. तू म्हणालीस, "आजचा दिवस सांभाळून घे गं. हे इथं सगळ्यांसमोर मला कसं बोलता येईल? हळू चालव, काही होत नाही." काही होत नाही, असं तू म्हणालीस. त्या सरकणाऱ्या चाकांवर स्वतः बसलेली तू. आणि मी किल्ली फिरवली ती भागवतच्या सांगण्यावर नाही, अर्जुनरावांच्या नाही. तू म्हणालीस म्हणून फिरवली.

दोन खेपा नीट झाल्या. तिसऱ्या खेपेला निम्मीच बकेट भरली होती, ती जमिनीलगत धरून चालले होते, पहिल्या गियरमधे. मागचं हलकं झालेलं मला बुडाला कळलं. मी बकेट टाकली, पण तिथं खाली कातळ होता, ती रुतली नाही, नुसती घसरत गेली. ट्रॅक्टर आडवा फिरला. बबिता ओरडत होती, "उडी टाक, अंजे." मी वरच्या बाजूला उडी टाकायला गेले, पण पाय अडकला आणि ट्रॅक्टर कलंडला तशी मीही त्याच्याखाली ओढली गेले. बांधाचा एक मोठा दगड मडगार्डाखाली आला, त्यानं ते धूड अर्धं तोलून धरलं, म्हणून मांडीवर आलं ते पोटावर आलं नाही. म्हाळू खालच्या माळावर शेरडांत होता. तो कसा वर आला मला माहीत नाही. त्यानं पहार घातली, बाया बाया मिळून त्यावर लोंबकळल्या, तुळजाबाईसुद्धा, आणि मला ओढून काढलं. भागवत तोपर्यंत फोनवर सायबांना विचारत होता की काय करू.

परवा बबिता भेटून गेली. तिनं सांगितलं, क्रेननं ट्रॅक्टर काढला आणि तो अर्जुनरावांच्या वाड्यासमोर उभा आहे. पत्रा ठोकून झाला, आता ट्रॉली ओढतोय. वरचा उतार तसाच उभा वाळतोय. अर्जुनराव चावडीवर म्हणाले म्हणे, "बाईच्या हातात दिला, आपलीच चूक झाली." आणि यापुढं ट्रॅक्टर गटाकडं राहणार नाही, गटाला लागेल तेव्हा ते ड्रायव्हरसकट देतील. म्हणजे ट्रॅक्टर त्यांचा झाला, गवत वाया जातंय आणि बायकांना यंत्र चालवता येत नाही हे सगळ्या पंचक्रोशीत सिद्ध झालं. आणि ते सिद्ध करणारी मी. जी एकटी उठून नको म्हणाली होती ती.

आता तुझं वाक्य. मला वाटलं तू वाकलीस ती रडायला. तुझा पदर माझ्या तोंडावर आला, तुझ्या तेलाचा वास आला, शाळेत वेणी घालताना यायचा तोच. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि तू म्हणालीस, "जबाबात नीट सांग हं अंजे. चालवत तर तूच होतीस." मग सरळ झालीस आणि म्हाताऱ्या बायांना नमस्कार करत वॉर्डभर फिरलीस. सळई घालताना मी एवढी कळवळले नव्हते. मी रात्रंदिवस त्या वाक्याला वळण देऊन बघितलं. अर्जुनरावांनी तुला ते शिकवून पाठवलं असेल. तुला ते बोलताना जड गेलं असेल. असेल. पण बोललीस तू, आणि माझ्या कानात बोललीस, जिथं आजवर फक्त आपल्या दोघींचं खरं बोलणं होत आलं.

हे पत्र म्हाळूजवळ देते आहे. तो ते तुझ्या हातात देईल, घरात दुसऱ्या कुणाच्या नाही. लिहायचं कारण एवढंच की काल पोलीस जमादार जबाब घ्यायला आले होते, मला इंजेक्शनची गुंगी होती, म्हणून ते उद्या सकाळी परत येणार आहेत. मी त्यांना नीट सांगणार आहे, तू म्हणालीस तसंच, अगदी नीट. चालवत मी होते हे सांगेन. पेटी कुणी काढली ते सांगेन. कमान नसलेला ट्रॅक्टर कुणी गळ्यात मारला ते सांगेन. आणि हेही सांगेन की हा डोंगरावर माणूस मारील असं आमच्या अध्यक्ष सत्यशीलाबाई स्वतः चालवून बघून म्हणाल्या होत्या, आणि त्या मंगळवारी मला वर न्यायला त्यांनीच सांगितलं. मी तुझं नाव घेणार आहे, सत्या. तुझं तिकीट जाईल, घरात तुझे हाल होतील, हे सगळं मला कळतं, आणि तरी घेणार आहे. तुला विचारत नाही. अर्जुनरावांच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढा तुझा हक्क आहे, तेवढा पाळते. तू म्हणू शकतेस की अंजना खोटं बोलते, तुझं सगळे ऐकतील. किंवा जमादारांसमोर म्हणू शकतेस की हो, मी असं म्हणाले होते. दोन्हीतलं काय म्हणायचं ते मी सांगणार नाही, मी सांगून तू ऐकण्याचे दिवस त्या बैठकीत संपले. जबाब झाल्यावर मला भेटावंसं वाटलं, तर ये. पण एकटी ये.

रागानं, आणि तरी तुझीच,
अंजना